दुखऱ्या हातातला चुडा

ऐन संसारातली तीन-चार वर्षं माझ्या अंगाला एरंडेलाचा वास येत होता. ओझरता नव्हे. मी ओसरीत पाऊल टाकलं की माजघरातलं माणूस मान वर न करता सांगायचं, की आली. एरंडेल हा पाया. त्यावर ऋतुमानाप्रमाणे लसूण, सुंठ, निर्गुंडीचा उकळलेला पाला, जवसाचं पोटीस, आणि एक हिवाळाभर तर घोरपडीची चरबी. मांजर तेवढं माझ्यावर खूश होतं. पायांशी येऊन घोटे चाटत बसायचं. मला वाटे, मुक्या जिवाला तरी आपली कणव आहे. कणव कसली, चरबीची चव होती ती.

आमच्याकडे लग्नकार्याला सगळे जमले की पोरंसोरं मला घेरतात आणि बांगड्यांची गोष्ट सांग म्हणतात. मी नकला करकरून सांगते, पोरं लोळून हसतात. सांगताना जे गाळते ते इथं लिहिते आहे. मुलांपुढे ते सांगवत नाही, कारण सांगताना अजून माझ्याच तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

आम्ही डोणगावच्या अलीकडल्या एका खेड्यात राहत होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. सरकार आमचं नागपूरला आणि कापूस खामगावला, मधल्या मध्ये आम्ही. घर एकत्र. आमचे यजमान, थोरले दीर, थोरल्या जाऊबाई, मी आणि माझी एकुलती लेक.

दुखणं सुरू झालं ते वेचणीच्या दिवसांत. सकाळी उठले तर दोन्ही हातांच्या मुठी अर्धवट मिटलेल्या. उघडेनात आणि पुरत्या मिटेनातही. वाटलं, हातावर झोपले असेन. एकदम दोन्ही हातांवर माणूस कसं झोपेल, हा विचार मला दुपारी सुचला, तोवर हात मोकळे झाले होते. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग मनगटं धरली, मग पायाची बोटं, मग गुडघे. उजवीकडे दुखलं की डावीकडे त्याच जागी दुखणार, इतका न्यायी रोग मी दुसरा पाहिला नाही. वैद्य म्हणाले आमवात. मेहकरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले सांध्यांचा दाह. जाऊबाई म्हणाल्या, आळस.

त्यांचा तरी काय दोष? या दुखण्याचा चावटपणा असा, की ते सकाळचं दुखणं आहे. दळण, सडा, भाकरी, पाणी, जी जी म्हणून बाईच्या हाताची कामं आहेत ती सगळी सकाळी असतात, आणि नेमके तेव्हाच माझे हात लाकडाचे. ऊन डोक्यावर आलं की बोटं हळूहळू सुटायची. कुणी समाचाराला दुपारी आलं तर मी चांगली धडधाकट बसलेली. गावात बोलबाला झाला, की हिला जात्यापुरता रोग होतो.

"माह्या हाताले काऊन नाई होत व असा रोग?" जाऊबाई विचारायच्या. "मले बी जात्यावर बसाले जिवावर येते."

मी हसायचे. हसायला हात लागत नाहीत.

पण स्वतःच्या हातांची मला शिसारी यायला लागली होती, हे खरं. बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली. तांबूस, चकचकीत, हात लावला तर ऊन. पिठात ते पंजे उतरले की वाटे, ही भाकरी आपल्याच्यानं खाववणार नाही. घरचे बिचारे खायचे. लुगड्याचा कासोटा खोचता येईना, तेव्हा लेक खोचून द्यायची. मोठी झालेली पोर, लग्नाची, आणि सकाळी उठून आईला नेसवते आहे. ती तोंडावर काही दाखवायची नाही. मी मात्र भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. वासानं तिला मळमळत असणार, ते बघायचं नव्हतं मला.

हळूहळू दुखण्याचा स्वभाव कळत गेला. त्याच्याशी भांडून चालत नाही आणि त्याचे फार लाडही करून चालत नाहीत. उठल्याबरोबर परातीत सोसेल तेवढं कढत पाणी घेऊन त्यात हात बुडवून बसायचं आणि पाण्यातच बोटं उघडमीट करायची. खडेमिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून गुडघ्यांना शेक. उलथण्याच्या दांडीला चिंध्या गुंडाळून ती मनगटाएवढी जाड करून घेतली, म्हणजे मूठ मिटावी लागत नाही. लोटा बोटांनी न उचलता दोन तळव्यांत धरायचा, नैवेद्य न्यावा तसा. आणि ज्या दिवशी बरं वाटेल त्या दिवशी फार उड्या मारायच्या नाहीत. हे शेवटचं मला कधीच जमलं नाही. एक दिवस बरं वाटलं की मी अख्खं घर सारवून काढायची आणि मग आठवडाभर खाटेवर पडून त्या सारवलेल्या जमिनीकडे बघत बसायची.

दवाखान्यातून औषध आणलं होतं. बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली, तिच्या खुणेखुणेनं प्यायचं. त्यानं दुखणं उतरायचं, पण कानात घणघण सुरू व्हायची, खामगावच्या जिनिंगचा भोंगा घरात आणून ठेवावा तशी. कुणी काही बोललं तर मला भोंगाच ऐकू यायचा. यजमानांना ती सोय वाटली. मला मळमळ सहन होईना. बाटली संपली आणि पुन्हा मेहकरला जाणं राहून गेलं.

मग बिब्बा आला. शेजारच्या कुणीतरी यजमानांना सांगितलं, बिब्ब्याचं तेल काढून सांध्यावर ठिपके द्या, वात पळून जाईल. वात कुठं गेला नाही. कातडी गेली. अंगठ्यांपाशी, मनगटांवर फोड आले, ते फुटले, पाझरले, चिंध्या चिकटल्या. ती चिंधी ओढून काढताना जो वास यायचा तो मी इथं लिहीत नाही. जखमा भरल्या तेव्हा त्या जागी पांढुरके डाग राहिले.

अशा हातांनिशी मी बसले असताना लेकीचं स्थळ आलं. मुलगा खामगावचा, जिनिंगमध्ये कारकून. आई लहानपणीच गेलेली, आत्यानं वाढवलेला. त्यामुळे त्या घरात शब्द आत्याबाईंचा. माणसं चांगली, घर खाऊनपिऊन बरं, आणि माझ्या लेकीच्या मनात तो मुलगा भरला होता. तिनं सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून मला नेसवताना गुणगुणायला लागली. आयुष्यात मला दुसरं काही नको होतं. ते गुणगुणणं मोडू नये, एवढंच.

मुलगी पाहायला आत्याबाई आल्या तेव्हा मी शहाणपणा केला. दोन्ही हात पदराखाली घेऊन बसले. चहा लेकीनं दिला, पोहे जाऊबाईंनी दिले, कुंकू जाऊबाईंनी लावलं, ओटी जाऊबाईंनी भरली. मी मान डोलवत, हात लपवून, देव्हाऱ्यातल्या देवीसारखी बसून होते. मनात म्हटलं, छान निभावलं.

चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. मुलगी पसंत आहे. साक्षगंधाला आत्याबाई स्वतः येतील, आणि विहिणीला हिरव्या बांगड्या आपल्यासमोर भरवतील. साक्षगंधाला मुलीबरोबर तिच्या आईलाही मुलाकडच्यांनी बांगड्या भरायच्या, ही आमच्याकडची रीत. पण भरणं आपलं मागच्या खोलीत व्हायचं. समोर बसून कुणी बघत नसे.

यजमान खूश. "पाह्य, केवढा मान देऊन राह्यले."

"मान कायचा, भाऊजी?" जाऊबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हात पाहाले येऊन राह्यली ते बाई. तू लपवले ना पदराखाली? पन चहाच्या वक्ती पदर सरकला होता, म्या पाह्यलं. तिनं बी पाह्यलं. बोटं वाकडे, वरून पांढरे डाग. तिले वाटून राह्यलं, विहिनीले महारोग हाय."

घरात तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला. लेक चुलीपाशी होती. तिचं फुंकणं थांबलं.

यजमान म्हणाले, "असं कसं म्हनन कोनी? डॉक्टरचं औषध हाय घरात."

"बाटली दाखवसान काय मांडवात?" जाऊबाई म्हणाल्या.

मी यजमानांना एकच गोष्ट मागितली. साक्षगंध दुपारी ठेवा. दुपारी माझी बोटं उघडतात, बांगड्याही कशाबशा जातील.

"मूर्त सकाउनचा हाय. अन् दुपारी त्यायले डोणगावाहून सर्विस मोटार धराची हाय."

"मोटार दुसऱ्या दिवशी बी असते."

"तुह्या हातासाठी पावन्यायले मुक्कामी ठेवू काय?"

म्हणजे सकाळच. मग जाऊबाईंनी आणि मी मिळून बेत केला. त्या दिवशी त्या माझ्यावर खरोखर माया करत होत्या, म्हणूनच तो इतका वाईट बेत निघाला.

"हे पाह्य," त्या म्हणाल्या. "दात खाऊन बसजो, पन चूप राह्यजो. कण्हली तर म्हनतीन, माय अशी दुखनाईत, पोरगी बी त्याच वळनाची. तोंडातून हूं नाई निघालं पायजे."

मला पटलं. आमच्याकडे बांगड्या भरताना जी कण्हते तिला बायका अजून नावं ठेवतात. मी ठरवलं, हात तुटला तरी चालेल.

साक्षगंधाच्या दिवशी अंधारातच उठून हात कढत पाण्यात घातले. लेक पाणी बदलत राहिली. बोटं उघडली नाहीत. बाहेर सनईवाला आला तरी माझे पंजे वाळलेल्या कुरडईसारखे वाकडेच. लेकीनं ते पुसले, एरंडेलाचा वास जावा म्हणून त्यांना चंदन लावलं. वास गेला नाही. चंदनाचा आणि एरंडेलाचा मिळून तिसराच एक वास झाला, मयताच्या घरासारखा.

माजघरात सतरंजी घातलेली. एका बाजूला आत्याबाई आणि त्यांच्यासोबत आलेली नात्यातली एक बाई, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघी जावा. मधे मनियारीण. आमच्या भागात बांगड्या भरायला मुसलमानांच्या मनियारणी येतात. ही डोणगावची, तोंडात पान, बोलणं अखंड. लेकीच्या हातात तिनं बांगड्या अशा सरसर चढवल्या की पाणी वाहावं. लेक उठून दारात जाऊन उभी राहिली, आणि माझी पाळी आली.

पदराखालून हात काढला. आत्याबाईंनी मान पुढे केली, बाजारात गाईचे दात पाहावे तशी.

मनियारणीनं हात धरला आणि पान गालात सरकवलं. "अल्ला. बाई, मनगट पोरीएवढं अन् गाठी नारळाएवढ्या. माप कोनतं घेऊ?"

"मोठं घ्या," जाऊबाई म्हणाल्या.

"मोठं घेतलं तं मनगटात बांगडी नाही, बाजूबंद होईन. ढिला सोडा हात. बाई, ढिला."

ढिला सोडण्यासारखं त्या हातात काही नव्हतं. तिनं तेल लावलं, अंगठा आत दुमडला, चारी पेरं एकमेकांवर दाबून गोळा केली आणि बांगडी ढकलली. ते दुखणं कसं होतं हे सांगायला मला शब्द नाही. दाढ उपटताना जी एक पांढरी उजेडाची रेघ डोक्यातून जाते, ती चार-चार पेरांतून एकदम गेली. मी समोरच्या भिंतीवरच्या हळदीच्या बोटांकडे बघत राहिले. तोंड मिटलेलं. चेहरा दगड. पहिली बांगडी गेली. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की मी जाऊबाईंकडे बघून किंचित हसले.

दुसरी बांगडी ढकलताना ती पेरावर अडली. मनियारणीनं जोर केला. मी दगड.

तेव्हा आत्याबाई सोबतच्या बाईला म्हणाल्या, हळू, पण माजघर लहान होतं, "पाह्य. तिले काई होऊनच नाई राह्यलं. आंग मेलेलं हाय."

आणि त्यांनी आपलं लुगडं गोळा करून सतरंजीवरून बूड मागे सरकवलं.

महारोगाच्या जागी चिमटा काढला तरी कळत नाही, हे आमच्याकडे पोरालासुद्धा ठाऊक असतं. मला ठाऊक होतं. जाऊबाईंना ठाऊक होतं. आम्ही दोघी शहाण्या बायकांनी बसून बेत केला होता, आणि त्या बेतानं मी माझ्या लेकीच्या साक्षगंधात, साऱ्यांसमोर, हसत हसत महारोगी ठरत होते.

दाराकडे पाहिलं. लेकीनं ते ऐकलं होतं. तिचा भरलेला हात चौकटीवर होता, हिरवागार. आत्याबाई मागे सरकल्या तेव्हा सतरंजीवर जी जागा रिकामी झाली, तिच्याकडे ती बघत होती.

मनियारणीनं पुन्हा जोर केला, आणि मी सोडून दिलं. ओरडावं असं ठरवून ओरडले की आपोआप निघालं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पण एकदा तोंड उघडल्यावर नुसतं त्या बांगडीचं दुखणं बाहेर पडलं नाही. सगळ्या सकाळी निघाल्या, बिब्बा निघाला, घोरपड निघाली. बाहेर सनई थांबली. आणि वर मी म्हटलं ते पोरांचं फार आवडतं वाक्य आहे, दरवेळी माझ्यासोबत म्हणतात.

"मुडदा बशिवला तुमच्या चुड्याचा, सोडा माहा हात."

साक्षगंधाच्या दिवशी, मुलाकडच्यांच्या चुड्याला, मुलीच्या आईनं हे म्हणायचं. जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. मनियारीण तेवढी शांत. "मले तं रोजच्याच हाय शिव्या," ती म्हणाली आणि बांगडी तिथंच पेरावर धरून ठेवली, कारण आता मागे घेतली तर फुटली असती.

आत्याबाई पुढे सरकल्या. त्यांनी माझा दुसरा हात धरला, अंगठ्याच्या मुळाशी दाबला आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "अटी दुखते?"

मी ओरडले.

"अन् अटी?" त्यांनी मधल्या बोटाचं पेर चिमटीत धरलं.

मी ओरडले.

"अन् डागावर?"

तिथंही दुखलं. देवाची कृपा. त्यांनी एकेक पेर दाबून पाहिलं, भाजीवाली खोटं नाणं देते आहे का ते बघावं तसं सावकाश, आणि दर ओरडण्यासरशी त्यांचा चेहरा उजळत गेला. त्यांच्या बोटांना माझं एरंडेल लागलं. ते त्यांनी माझ्याच पदराला पुसलं. मग प्रसन्न हसून जाऊबाईंना म्हणाल्या, "वातच हाय व बाप्पा. माह्या सासूले होता, थे बी अशाच शिव्या दे. मंग काई नाई."

सोबतची बाईही हसली. जाऊबाई हसल्या. त्या हसण्याच्या आधी सगळ्यांनी एक श्वास सोडला, तो मला ऐकू आला. ज्याला खरोखर तो रोग असेल, त्यानं कोणत्या घरात जाऊन ओरडावं, हे त्या माजघरात कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही, तेव्हा. मी डोळे पुसत होते आणि आत्याबाईंना "बसा ना, पुढं बसा" म्हणत होते. माझं दुखणं त्यांना पसंत पडलं म्हणून मी त्यांची उपकृत झाले होते.

राहिलेल्या बांगड्या मनियारणीनं चढवल्या. मी दरवेळी ओरडले, मोकळेपणानं. आत्याबाई प्रत्येक ओरडण्याला मान डोलवत होत्या.

मोटार धरून पाहुणे गेले. दुपारी बोटं सुटली, पण मनगटं सुजत चालली. जाऊबाई पाटा आणि बत्ता घेऊन आल्या, बांगड्या फोडून टाकू म्हणाल्या. मी नाही म्हटलं. साक्षगंधाचा चुडा त्याच दिवशी फुटला, ही बातमी मोटारीच्याही आधी खामगावला गेली असती. लग्नापर्यंत त्या तशाच ठेवल्या. काच कातडीत रुतली. खाली घाम, तेल, मळ साचून कातडी पांढरी लिबलिबीत झाली, तिला सुटलेला वास एरंडेलालाही मागं टाकणारा होता. मांजरसुद्धा येईना. लेक रोज काडीला कापूस गुंडाळून बांगड्यांच्या खालून पुसून काढायची. गुणगुणायची मात्र नाही. ज्याच्यासाठी मी एवढं केलं होतं, तेच बंद झालं होतं.

लग्न चांगलं झालं. वरात गेली तशी जाऊबाईंनी ओलं फडकं मनगटावर ठेवून बत्त्यानं एकेक बांगडी फोडली. "वाढवली," म्हणायचं असतं, फोडली म्हणायचं नसतं. त्या प्रत्येक वेळी म्हणाल्या. पुढं मी काचेच्या नादी लागले नाही. चांदीचं, मधे उघडं असलेलं कडं घालते, सूज आली की फाकवायचं, उतरली की दाबायचं.

लेक सुखात आहे. जावई भला आहे. घरात पुन्हा गाणं म्हणते, असं मी स्वतः ऐकलं आहे, खामगावला गेले होते तेव्हा, दाराबाहेर उभी राहून.

माझा रोग आता पूर्वीइतका भडकत नाही. वेडीवाकडी झालेली बोटं तशीच राहिली, पण काही काही महिने त्यांत अजिबात दुखत नाही. आत्याबाई अजून भेटतात, सणाला, बारशाला. भेटल्या की आधी माझा हात हातात घेतात, मधल्या बोटाचं पेर दाबतात आणि चारचौघींत विचारतात, "दुखते ना व विहीनबाई, अजून?"

मी ओरडते. दुखत असो नसो, चांगली मोठ्यानं ओरडते. त्या हसतात, बोटं माझ्या पदराला पुसतात. लेक त्यांच्या घरात आहे.

मग मी मागच्या दारी जाऊन हात धुते.